ग्रिड बारीक केली की समुद्राचा अंदाज बरोबर येतो?

‘महासंगणकाची ताकद दुप्पट करा, ग्रिड निम्मी करा, जगभरच्या समुद्राचा अंदाज तितकाच अचूक होईल,’ असा दावा सध्या बराच फिरतो आहे. ग्रिड म्हणजे चौकटींची जाळी: समुद्राचा अंदाज काढणारा संगणकी कार्यक्रम, म्हणजे मॉडेल, समुद्र अशा चौकटींत विभागून आकडेमोड करतं. तो जसा मांडला जातो, त्याच क्रमाने उत्तर देतो.

‘ताकद दुप्पट, ग्रिड निम्मी.’ इथे हिशेबच चुकला आहे. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय आकडेमोड कोसळू नये म्हणून वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. म्हणजे 8 पट काम, तेही खोलीचे थर आहेत तेवढेच ठेवून. 1/12 अंशावरून (विषुववृत्तावर सुमारे 9 किमी) 1/36 अंशावर जायचं तर 27 पट.

‘बारीक ग्रिडमुळे प्रवाह खरे दिसतात.’ हे मान्य. 1 अंशाच्या मॉडेलात गल्फ स्ट्रीम हा अटलांटिकमधला उबदार प्रवाह अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरासपाशी किनारा सोडतच नाही, उत्तरेकडे सरकत राहतो. साधारण 1/10 अंशापासून तो योग्य जागी किनारा सोडू लागतो. तरी 9 किमीच्या ग्रिडवर 9 किमीचा भोवरा दिसत नाही, नीट उमटायला सहा-आठ चौकटी लागतात.

‘भोवरे दिसले, म्हणजे अंदाज जमला.’ खरी गफलत इथेच आहे. भोवरे मॉडेल स्वतःही तयार करतं. ते आज नेमके कुठे आहेत हे निरीक्षणांवरूनच कळतं. अर्गो फ्लोट (बुडी मारून पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारी तरंगती यंत्रं) जगभरात सुमारे 4000, म्हणजे साधारण 300 किमीला एक, आणि प्रत्येकाची बुडी 10 दिवसांनी. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या जेसन मालिकेतल्या उपग्रहांच्या मार्गांत विषुववृत्तावर 315 किमीचं अंतर. 2022 साली सोडलेला स्वॉट हा उपग्रह 120 किमीचा पट्टा मोजतो, पण त्याच मार्गावर 21 दिवसांनी परततो. मधल्या 50 किमीच्या भोवऱ्याची जागा मग चुकते. मोठ्या चौकटींच्या मॉडेलाला तो दिसत नाही, ही एक चूक. बारीक मॉडेल तो भलतीकडे दाखवतं: नाही तिथे आहे, आहे तिथे नाही. मॉडेलला गुण देताना चूक दोनदा मोजली जाते.

हा केवळ गुणांकनाचा प्रश्न नाही. भोवऱ्याच्या दोन बाजूंना पाणी उलट दिशांना वाहतं. वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर दिवसात 43 किमी. बाजू चुकली की बुडालेल्या होडीतल्या माणसांचा शोध दुसऱ्याच दिवशी 80 किमीहून जास्त भरकटलेला असतो. त्यांच्यासाठी नुसतं देखणं चित्र घातकच.

‘आडवी ग्रिड पुरे.’ नाही. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी वर पातळ थरात पसरतं. मॉडेलचा वरचा थरच 10 मीटर जाड असेल तर ते कागदावर आधीच मिसळून जातं, आणि चक्रीवादळाखालच्या पाण्याचं तापमान चुकतं.

तेव्हा नव्या मॉडेलची चाचणी घेताना तरंगत्या बॉयांचे (प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या मोजणीयंत्रांचे) असे मार्ग घ्या, जे त्या मॉडेलला दिलेलेच नव्हते. ‘आज आहे तसंच उद्या’ या साध्या अंदाजाशीही तुलना करा. त्यालाही हरवता येत नसेल, तर आधी पैसा फ्लोटांवर आणि गुजरात, तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर आहेत तशा प्रवाहमापक रडारांवर घाला.