बाईला विचारलं म्हणून बाळं दगावत नाहीत

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या, मग माहेरच्या, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: आजकालच्या मुलींना बाळंतपणात पण चॉइस पाहिजे, सोबत कोण हवं, कट (बाळ बाहेर येताना खाली देतात तो छेद) नको, झोपून नको, यादीच घेऊन जातात. आपल्या आज्या शेतात बाळंत झाल्या, त्यांनी कुठे यादी केली होती? इंग्लंडमध्ये बायकांचे हे लाड केले आणि एकाच ठिकाणी दोनशे बाळं गेली. हे सगळं परदेशी फॅड आहे, गपचूप सही करा आणि डॉक्टरांना काम करू द्या. माझ्या भाचीला सातवा लागलाय, तिला हा मेसेज सासूबाईंनी पाठवला, काळजीपोटीच पाठवला, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आज्यांचं आधी. शेतात बाळंत झालेल्या आणि जगल्या त्या आज्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, ज्या गेल्या त्यांच्या कोण सांगणार? २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे १३० आया दगावत होत्या, २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. हॉस्पिटल, रक्त, वेळेवर सिझर याचा त्यात मोठा वाटा आहे आणि ते कोणीही नाकारत नाहीये. आपलं म्हणणं विचारात घ्या म्हणणारी बाई शेतात जायचं म्हणत नाही. उलट आज्यांकडे एक गोष्ट होती जी आता मागावी लागते, ओळखीची सुईण, आजूबाजूला आपली माणसं, आणि कळा येताना उठून फिरायची, उकिडवं बसायची मोकळीक.

आता इंग्लंड. या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण लोक घाबरतात ते इथेच. श्रूजबरी आणि टेलफर्डच्या सरकारी हॉस्पिटल्सची चौकशी झाली, डोना ओकेन्डेन या सुईण असलेल्या बाईंच्या अध्यक्षतेखाली, आणि मार्च २०२२ मध्ये अहवाल आला. साधारण वीस वर्षांतल्या केसेस तपासल्या आणि काळजी नीट घेतली असती तर २०१ बाळं वाचू शकली असती असं निघालं. आकडा खरा आहे. पण कारण मेसेजमध्ये सांगितलंय त्याच्या बरोब्बर उलटं आहे. बाळाच्या ठोक्यांवर नीट लक्ष नव्हतं, सिनियर डॉक्टरांना वेळेत बोलावलं नाही, आणि आया-घरचे काहीतरी चुकतंय म्हणून सांगत होते ते ऐकूनच घेतलं नाही. सिझर करा म्हणणाऱ्या बायकांनासुद्धा नॉर्मलकडेच ढकललं, कारण कमी सिझर हे तिथे भूषण झालं होतं. काही आयांना तर बाळ गेल्यावर दोषही त्यांनाच दिला गेला. म्हणजे बायकांचं ऐकलं म्हणून हे झालं नाही, ऐकलं नाही म्हणून झालं! हे वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती, आणि तेच उदाहरण देऊन आता बायकांना गप्प बसवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

यातून अजून एक गोष्ट कळते की चॉइस म्हणजे फक्त नॉर्मलचा हट्ट नाही. एखादीला सिझरच हवं असेल, एखादीला कळा सहन होत नाहीत म्हणून एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ती भूल, हवं असेल, तर तीही तिचीच निवड. आपल्याकडे मात्र प्रश्न बहुतेक दुसऱ्या बाजूने येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी हॉस्पिटलांमध्ये ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३ टक्के. यातलं प्रत्येक सिझर चुकीचं असं मी म्हणत नाहीये, माझ्या स्वतःच्या जावेचा जीव सिझरनेच वाचला, पण एवढा फरक असताना "का करताय" हा प्रश्न तरी बाईने विचारायला हवा ना.

परदेशी फॅड? प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई ठेवायला आपल्या केंद्र सरकारनेच २०१६ मध्ये सरकारी हॉस्पिटलांसाठी मान्यता दिली, आणि २०१७ च्या लक्ष्य या सरकारी लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमात लेबर रूममध्ये बाईला मान देऊन वागवणं पण येतं, ओरडणं-चापट मारणं चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की सरसकट कट देऊ नका, सरसकट एनिमा आणि शेव्हिंग नको, धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्या, हिंडू द्या. आणि कळा चालू असताना कोणीतरी सतत सोबत असेल तर सिझर कमी होतात, कळांचा वेळ थोडा कमी होतो, हे पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांतून दिसलंय.

"गपचूप सही करा" बद्दल एवढंच की २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय. त्या बाई भुलीखाली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. कोर्ट म्हणालं, सज्ञान बाईच्या वतीने दुसरं कोणी संमती देऊ शकत नाही, जिवावर बेतलेली इमर्जन्सी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सासूबाईंची नाही, नवऱ्याची नाही, तिची स्वतःची.

आणि इमर्जन्सी येते हे खरंच आहे. बाळाचे ठोके पडले तर चर्चेला वेळ नसतो, तिथे डॉक्टरांनी पटापट निर्णय घ्यायलाच हवा. म्हणून तर बोलणं आधी व्हायला पाहिजे. भाचीला मी हे प्रश्न लिहून दिलेत: आत सोबत कोणाला सोडता, रात्री भूलतज्ज्ञ हॉस्पिटलात असतात की घरून येतात, रक्त कुठून आणता, बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) इथेच आहे का, कट सगळ्यांना देता का, कळा वाढवायचं सलाईन कधी लावता, मागच्या वर्षी तुमच्याकडे किती टक्के सिझर झाली. ती कासारवडवलीला राहते, घोडबंदरचं संध्याकाळचं ट्रॅफिक धरून घरापासून किती वेळ लागतो तेही एकदा त्याच वेळी जाऊन बघायला सांगितलंय. चांगल्या डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत, आमच्या ओळखीतल्या एक मॅडम तर स्वतःच कागद काढून लिहून देतात. आणि कोणी चिडलंच तर सातव्या महिन्यात दुसरीकडे नाव घालायला अजून वेळ आहे.