एक वचन अलीकडे थांबा

पाळकसाहेब, सोलापुरात नेमणूक झाली म्हणून तोंड पाडून बसू नका. उन्हाची सवय होते, शेंगाचटणीचे व्यसन लागते. मी या गावात अकरा वर्षे टिकलो आहे ते विद्वत्तेवर नाही, हे माझ्या मंडळीतले कोणीही आनंदाने सांगेल. युक्ती एकच. शास्त्र, म्हणजे बायबल, भरपूर वाचावे, फक्त कोणत्या वचनावर थांबायचे ते कळावे.

पण आधी पाण्याचे. रविवारचा विषय ठरवण्यापूर्वी नळ कधी येणार ते विचारून घ्या. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड. नेमका रविवार लागला की घरोघर पिंपे आणि हंडे भरणे चालते, आणि तुम्ही रिकाम्या बाकांना जिवंत पाण्याविषयी सांगत बसता. मी अशाच एका रविवारी योहान 4 घेतला होता. शोमरोनी स्त्री आपली घागर विहिरीवरच टाकून गावात धावली, हे अगदी रंगवून सांगितले. उपासना सुटल्यावर एक आजीबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, "पास्टरसाहेब, भरलेली टाकली का रिकामी?" योहानाने ते लिहिलेले नाही. तेव्हापासून तो अध्याय मी पावसाळ्यात घेतो.

आता वचनांची निवड. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर यिर्मया 29:11 छापा. देवाच्या मनातले संकल्प तुमच्या हिताचे आहेत, पुढे आशा आहे. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, जुळे सोलापुरातला फ्लॅट, सगळ्याला लागू पडते. दहावे वचन मात्र छापू नका. त्यात बाबेलची 70 वर्षे पुरी होऊ द्या म्हटले आहे, म्हणजे बाबेलात बंदिवान होऊन गेलेले, यिर्मयाचे हे पत्र ऐकणारे बहुतेक जण तिथेच मातीत जाणार होते. 70 वर्षांनी ताबा मिळणाऱ्या फ्लॅटला आमेन कोण म्हणेल? फिलिप्पैकरांस 4:13 परीक्षांच्या दिवसांत हातोहात खपते, 'मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे'. पौल हे कैदेतून लिहितो आहे आणि बारावे वचन उपाशी राहायला शिकण्याविषयी आहे, हे बारावीच्या पोरांना कशाला?

कधी कधी कात्री शेवटाला नाही, सुरुवातीला लावावी लागते. दानार्पणाच्या रविवारी गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, काढायच्या त्या मार्क 12:41 पासून. एक वचन आधी सुरू केलेत तर विधवांची घरे गिळून देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री भेटतात, आणि लोक का कोण जाणे, त्याच क्षणी पुलपिटाकडे पाहतात. शिवाय दोन टोल्यांत पंख्याचे एक पातेसुद्धा येत नाही. ज्या देणगीदारांची नावे पात्यांवर रंगवली आहेत त्यांना राग येईल असे काही वाचूच नये. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातला, सोन्याची अंगठी पाहून ज्याला चांगली जागा देतात तो माणूस तर प्रमुख पाहुणे गेल्यावरच बाहेर काढावा. ते पहिल्या रांगेत, सत्काराची सोलापुरी चादर मांडीवर घेऊन बसलेले असताना नाही.

उत्तम शुक्रवारची तयारी वेगळी. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात उपदेशक. एप्रिलात आला तर पारा चाळिशीच्या पुढे. प्रत्येकाला वीस मिनिटे ठरवून दिलेली असतात, आणि वीस मिनिटांत आटोपणे म्हणजे कमीपणा. 'मला तहान लागली आहे' हा पाचवा उद्गार. त्याचे उपदेशक समोरचा पेला उचलून दोन घोट पितात, खाकरतात आणि तहानेचे तीन प्रकार सांगायला घेतात. पेला एकच असतो. बाकांवर कोणाला डुलकी लागली तर रागावू नका. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, पोरगा जिवंत निघाला. मग वर येऊन, भाकर मोडून खाऊन, पौल उजाडेपर्यंत बोलला. यातला बोलण्याचा भाग आपल्याला चांगला जमतो. म्हणून मंदिर एकमजली असलेले बरे.

भाषा जड ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे शास्त्र सोप्या मराठीत आणले, साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते छापून निघाले. आपल्या धंद्याला इतका धोका दुसऱ्या कोणी दिला नसेल. त्यावर 'पवित्रीकरण' आणि 'मध्यस्थत्व' हे जालीम उपाय आहेत. कळले नाही की कोणी दुखावत नाही.

आणि या कलेचा मूळ पुरुष कोण, असे एखाद्या चौकस पोराने संडे स्कूलमध्ये विचारले तर गाणे सुरू करा. मत्तय 4 मध्ये मंदिराच्या शिरोभागावर उभा राहून येशूला स्तोत्र 91 मधली अकरावी-बारावी वचने ऐकवतो तो सैतान. तेराव्यात नाग पायाखाली तुडवण्याची गोष्ट येते. त्याच्या बरोबर आधी तो थांबला.

येशूला हे जमले नाही. लूक 4 पाहा. स्वतःचे गाव नासरेथ, हातात यशयाचा ग्रंथ, एका वाक्याचा उपदेश. 22 व्या वचनात सगळे वाहवा करतात. तिथे बसला असता तर दुपारच्या जेवणाला चार घरांची बोलावणी होती. पण तो पुढे बोलला. एलीया संदेष्ट्याच्या काळी इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, देवाने त्याला पाठवले परक्या सारफथच्या बाईकडे. पुढे अलीशाच्या काळी कुष्ठरोगीही पुष्कळ होते, शुद्ध झाला तो सूरियाचा नामान. झाले! 29 व्या वचनात तेच लोक त्याला ढकलून द्यायला डोंगराच्या कड्यावर नेतात.

सोलापुरात कडा शोधून सापडायचा नाही, सगळा माळ. इथे बदली करतात. तुमच्या आधीचे पाळक 27 व्या वचनापर्यंत पोहोचले होते.