किल्ट घ्यायचाच असेल तर खिसेवाला घ्या

एडिनबऱ्याच्या रॉयल माईल या पर्यटकांच्या रस्त्यावर तीस-चाळीस पौंडांत टांगलेला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा स्कर्टसारखा पोशाख, घेऊ नका. सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण एडिनबरा बघायला आलेला आपल्याकडचा प्रत्येक पाहुणा मला त्याच दुकानांसमोर उभं करून विचारतो, "हा कसा वाटतो रे?" वाईट वाटतो. कापड अ‍ॅक्रिलिकचं, चुण्या नुसत्या इस्त्रीने पाडलेल्या, मागे घोळ असा नाहीच. फोटोपुरता ठीक आहे. इथल्या नॉर्थ ब्रिज या पुलावरचा वारा एकदा अंगावर घेतलात की मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरं टोक म्हणजे अस्सल पारंपरिक किल्ट. आठ यार्ड लोकरी कापड, हातशिलाई, आणि मागची प्रत्येक चुणी अशी घातलेली की टार्टन या चौकटीदार कापडाच्या चौकटी चुणीवर चुणी जुळत जाव्यात. त्याला चारपाचशे पौंड सहज पडतात. शिवाय पुढे लटकवायचं स्पोरन (कमरेचा बटवा), लांब मोजे, बूट, पट्टा यांचा खर्च वेगळाच. देखणा असतो, वादच नाही. पण तो लग्नकार्याचा. इथले कितीतरी स्कॉटिश लोकही लग्नापुरता भाड्यानेच आणतात. पैठणी नेसून कोणी मंडईत जातं का?

मला मंडईत जाण्याजोगा हवा होता. असे आधुनिक किल्ट आता चांगले मिळतात. एडिनबऱ्यातच हॉवी निकल्सबी नावाचा किल्टवाला नव्वदच्या दशकापासून डेनिम, चामडं, साधं ट्वीड असल्या कापडांचे किल्ट शिवतोय. अमेरिकेत सिएटलच्या युटिलिकिल्ट्सने २००० साली जाड सुती कापडाचे, बाजूला मोठे खिसे असलेले, कामकरी माणसाचे किल्ट विकायला काढले. एकेका घराण्याचं म्हणून ओळखलं जाणारं टार्टन नाही, त्यामुळे "तुमचं क्लॅन (कूळ) कोणतं?" हा प्रश्नही मिटतो. कुलकर्ण्यांचं क्लॅन कुठून आणू?

खरेदीत सगळ्यात जास्त लक्ष मापाकडे द्या. आपण दुकानात जाऊन जीन्सचं माप ठोकून देतो, "चौतीस." किल्ट कमरेवर नाही, बेंबीच्या रेषेत बसतो आणि तिथला घेर जीन्सवरच्या आकड्याहून बहुतेकांचा दोन-तीन इंच तरी जास्त भरतो. (पोट आत ओढू नका. टेपला दया येत नाही.) मग नितंबांचा घेर, मग लांबी. लांबीचं माप घेताना समोर बघायचं. खाली वाकून स्वतःच टेप बघायला गेलात की आकडा चुकलाच. तयार किल्ट तपासायची जुनी रीत म्हणजे गुडघे टेकून बसायचं, काठ जमिनीपासून इंचभर वर राहिला पाहिजे. गुडघ्याखाली लोंबणारा किल्ट कितीही महाग असो, उसना आणल्यासारखाच दिसतो.

माझा ऑलिव्ह रंगाचा, जाड सुती. बक्कलांऐवजी टिचबटणं आहेत. पुढचा सपाट पदर उजवीकडे येऊन बंद होतो. चुण्यांच्या कडांवर शिलाई मारलेली आहे, आणि ही शिलाई नसेल तर सुती किल्ट घेऊच नका, नाहीतर दर धुण्यानंतर एकेक चुणी इस्त्रीने बसवत रविवार संपेल. खिशात फोन टाकला की चालताना मांडीवर आपटतो. तेवढं चालवून घ्यायचं.

घालून वावरण्याबद्दल लोक फार बाऊ करतात. एडिनबऱ्यात ढुंकूनही कोणी बघत नाही. सवय लागते ती बसायची. बसताना हाताची पाठ मागून फिरवून चुण्या खाली घ्यायच्या आणि पुढचा पदर दोन गुडघ्यांमध्ये सोडायचा. बायकोने हे मला एका मिनिटात शिकवलं, वर "आम्हाला हे पाचव्या वर्षी येतं" हेही ऐकवलं.

हमखास येणारा प्रश्न म्हणजे आत काय घालतोस. मी घालतो, विषय संपला. पण पबमध्ये दारू चढली की काहींना किल्ट उचलून बघायची लहर येते आणि सगळे हसतात. हे मला अजिबात हसण्यावारी न्यायचं नाही. दुसऱ्याच्या कपड्यांखालचे चोरून फोटो काढणं स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे, तो कायदा किल्टवाल्या पुरुषालाही लागू होतो, आणि व्हायलाच हवा.

"हा खरा किल्ट नव्हे" म्हणणारेही भेटतात. ठीक. पण आज ज्याला खरा म्हणतात तो आखूड किल्टही अठराव्या शतकातला. त्याआधी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला माणूस अखंड लांब कापड अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने बांधायचा. कलोडनच्या लढाईत डोंगरी बंडखोरांचा पराभव झाल्यावर ब्रिटिश सरकारने १७४६ च्या कायद्याने हा पोशाख बंद केला, फौजेला तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२ साली. पुढे १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला, तेव्हा दरबारात मिरवला तो किल्ट चढवून, खाली कातडीच्या रंगाची तंग विजार घालून! तेव्हापासून तो बड्यांचा दरबारी पोशाख झाला. त्या विजारीपेक्षा माझे खिसे बरे.

मे महिन्यात पुण्यालाही नेला होता. लोकरी असता तर उकडून मेलो असतो, सुती छान चालला. रिक्षावाल्याने विचारलं, "शूटिंग आहे का कुठं?" आत्या म्हणाली, "अरे, परकर काय घातलायस?" तेव्हा काका तिच्या शेजारीच लुंगी लावून पेपर वाचत बसले होते. घरात लुंगी, पूजेला सोवळं, हे पुरुषांनी नेसलेलं तिला आयुष्यभर दिसलंय, पण शिवलेलं, पट्टा लावलेलं काही दिसलं की ते बायकी. काकांनी मात्र पेपर खाली करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "खिसे आहेत होय? मग मलाही एक आण."

आता त्यांचं माप हवंय. फोनवर ते छत्तीसच सांगताहेत. आत्या, प्लीज टेप घेऊन बेंबीवरनं मोज आणि खाली कमेंटमध्ये न टाकता मला मेसेज कर.