न्यूज म्हणजे चार दिशा? नाही हो दाजी

काल 6 जानेवारी, पत्रकार दिन. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, त्याची आठवण. सकाळी उठून बघतोय तर फॅमिली ग्रुपवर दाजींचा मेसेज, आणि तासाभरात तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. मेसेज असा की न्यूज हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ यांच्या पहिल्या अक्षरांवरून झाला, चारी दिशांकडून येते ती न्यूज, न्यू या शब्दाशी त्याचं काही नातं नाही, आणि पुरावा काय तर शेवटचा एस आणि जुन्या इंग्रजी पेपरांवर छापलेलं होकायंत्राचं चित्र. खाली अंगठेच अंगठे.

दाजी, राग मानू नका, तुम्ही मोठे आहात, पण हे चूक आहे आणि मला गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे अक्षरं जोडून शब्द करायची ही पद्धतच फार अलीकडची. रडार बघा, तो खरोखर असा झालेला शब्द आहे, लेसरपण तसाच, पण हे सगळे विसाव्या शतकातले. न्यूज हा शब्द इंग्रजीत चौदाव्या-पंधराव्या शतकापासून चालतोय. बरं तेव्हा स्पेलिंगसुद्धा पक्कं नव्हतं, कोणी एन ई डब्ल्यू ई एस लिहायचं, कोणी एन ई डब्ल्यू आय एस. 1622 मध्ये लंडनला आठवड्याचं बातमीपत्र निघायचं त्यावरही न्यूजमध्ये जास्तीचा ई आहे. आता मला सांगा, चार दिशांवरून शब्द झाला असेल तर ही पाचवी दिशा कुठली?

होकायंत्राच्या चित्राचं म्हणाल तर समजा एखाद्या पेपरनं छापलंही असेल, त्यानं शब्द कुठून आला हे ठरत नाही. शब्द आधीचा, चित्र नंतरचं. आणि ही चार दिशांची कोटीसुद्धा जुनीच आहे हं, 1640 सालच्या एका इंग्रजी पद्यसंग्रहात चार ओळी आहेत, बातमी उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिणेकडून येते अशा अर्थाच्या. तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून अक्षरं जुळवली, पण शब्द त्याच्या आधी दोनशे वर्षं लोकांच्या तोंडात होताच.

आता तो एस, खरी गोष्ट इथं आहे. तो अनेकवचनाचा एस आहे. न्यू म्हणजे नवं, न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, बस इतकंच. फ्रेंचमध्ये बातम्यांना नूव्हेल म्हणतात, तेपण नव्या या अर्थाचंच अनेकवचन, आणि इंग्रजांनी शब्द त्याच धर्तीवर केला. फ्रेंचमधल्या चार दिशांची अक्षरं जुळवून नूव्हेल होत नाही, करून बघा. मेसेजमध्ये म्हटलंय की अनेकवचन असतं तर न्यूज आर म्हणाले असते. अहो म्हणायचेच की! शेक्सपियरच्या चौथ्या हेन्रीवरच्या दुसऱ्या नाटकात एक म्हातारा सरदार ‘दीज न्यूज’ म्हणतो, म्हणजे ‘या बातम्या’. पुढे बोलता बोलता त्याचं एकवचन झालं.

हे मला पटायला पुस्तक लागत नाही, कारण आमचे वडील आयुष्यभर पेपर टाकायचे. पहाटे साडेचारला स्टँडजवळ गठ्ठे उतरायचे, सुतळी कापायची, पुरवण्या आत सारायच्या, बोटं शाईनं काळी आणि जानेवारीत तर आखडलेली. सोलापुरात एकाच लाईनीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळे पेपर लागायचे, पूर्व भागात तेलुगू जास्त. तेलुगूत बातम्यांना वार्तलु म्हणतात, अनेकवचन. आपणही रेडिओवर बातम्या ऐकतो, बातमी नाही ऐकत. आणि उर्दूतला अखबार? तो मुळात अरबी खबरचं अनेकवचन आहे, अखबार म्हणजे बातम्या, पण आज कुणी तसा वापरतं का, अखबार आया असंच म्हणतात, एकवचनी. म्हणजे न्यूजचं जे झालं तेच आपल्या हाताखालून रोज जाणाऱ्या शब्दाचंही झालंय. हे कळलं तेव्हा मी अक्षरशः उठून बायकोला सांगायला गेलो.

पेपरचा विषय निघाला म्हणून सांगतो, येत्या 12 जानेवारीला आमच्या सोलापुरातल्या चार हुतात्मा पुतळ्यांपाशी हार पडतील. 1931 मध्ये येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हा पेपर चालवायचे. खबर छापणारा माणूस ज्या गावानं असा गमावलाय, त्या गावात पत्रकार दिनालाच न तपासता काहीही पुढं ढकलायचं हे मला लागतं, खरंच लागतं.

न्यूशी नातं नाही म्हणे. अहो नातं आपल्याशीसुद्धा आहे! इंग्रजी न्यू, लॅटिन नोव्हस, फारसी नौ ज्याच्यावरून नवरोज, संस्कृत नव आणि आपलं नवं, ही सगळी एकाच घराण्यातली. आपण रस्त्यात भेटलं की ‘काय नवीन?’ विचारतो ना, न्यूजमध्ये तेच आहे. इतकं जवळचं नातं सोडून दिशा कशाला जोडायच्या.

हे सगळं लिहायचं अजून एक कारण. पुतणी पाचवीत आहे, तिच्या जनरल नॉलेजच्या वहीत क्लासमध्ये हेच उतरवून दिलंय, न्यूजचा फुल फॉर्म, खाली लाल पेननं बरोबरची खूण. काल रात्री तिला वार्तलु, अखबार सगळं सांगितलं तर म्हणाली काका मग परीक्षेत काय लिहू. आता शनिवारी तिची वही घेऊन टीचरना भेटायला चाललोय. दाजी, तुम्हीपण या बरोबर, तुमचं त्या लोकांत वजन आहे.