दिल्लीत आमचे सरकार

२१ जुलै २०२२ च्या संध्याकाळी राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीची मतमोजणी संपली आणि द्रौपदी मुर्मू निवडून आल्याचे जाहीर झाले. मी ज्या पक्षाचे काम कितीतरी वर्षांपासून करतो आहे, त्या पक्षाने यशवंत सिन्हा यांना पाठिंबा दिला होता. त्या रात्री आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी दोन ओळी लिहिल्या : ‘देशाला आणखी एक रबर स्टँप मिळाला. आदिवासींना फोटो, कारभार दुसऱ्यांकडे.’ सकाळपर्यंत त्या ओळींखाली टाळ्यांच्या खुणांची रांग लागली होती आणि मला त्याचे समाधान वाटले होते. हे आज लिहिताना वाईट वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी होती. त्या जुलैमध्ये गडचिरोली जिल्ह्यात पुराने मोठे नुकसान केले होते. आमच्या खालच्या बांधीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, सडले होते आणि शेजाऱ्याकडून पऱ्हे आणून उरलेली रोवणी उरकायची होती. टोल्यावरच्या, म्हणजे शेजारच्या आदिवासी वस्तीतल्या, नऊ बाया कामाला आल्या होत्या. न्याहारीला सगळ्या धुऱ्यावर बसल्या तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क गोंड आजींनी मला विचारले, “बाबू, आपली बाई दिल्लीले बसली म्हनते, खरं हाय का?” मी हो म्हणालो. त्यांनी फोटो मागितला. कोपरापर्यंत चिखलाचे हात त्यांनी पाटाच्या पाण्यात धुतले, पदराला पुसले, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला माझा मोबाईल दोन्ही हातांत धरून त्या पाहत राहिल्या. पडदा विझायचा, मी बोट लावून तो पुन्हा उजळवायचा, असे तीनदा झाले. मग त्यांनी विचारले, “इची माय काय करत होती?”

मला उत्तर देता आले नाही. खासदाराच्या मताचे मूल्य ७०० आणि महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे १७५, हे मला पाठ होते. मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मते पडली, हेही मी कोणालाही सांगू शकलो असतो. पण ज्या बाईला मी आदल्या रात्री रबर स्टँप म्हटले होते, तिच्या घराबद्दल मी एक ओळसुद्धा वाचलेली नव्हती. आजींनी माझ्या उत्तराची फार वाट पाहिली नाही. मोबाईल परत देऊन त्या आपल्या ओळीत जाऊन वाकल्या.

नंतर मी वाचले. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातले उपरबेडा हे गाव, संथाळ कुटुंब, काही काळ शाळेत शिकवण्याचे काम, १९९७ मध्ये रायरंगपूरच्या नगरसेवक, पुढे दोनदा आमदार, राज्यात मंत्री आणि २०१५ ते २०२१ झारखंडच्या राज्यपाल. या सगळ्यात मला थांबवणारी गोष्ट २०१७ ची होती. आदिवासींच्या जमिनी दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून छोटानागपूर आणि संथाल परगणा या भागांसाठी इंग्रजांच्या काळापासून आणि नंतर केलेले जे कुळकायदे आहेत, त्यांत झारखंड सरकारने दुरुस्त्या केल्या. त्याविरुद्ध आदिवासी रस्त्यावर उतरले. राज्यपाल म्हणून मुर्मू यांनी ती विधेयके सही न करता परत पाठवली आणि यातून आदिवासींचे हित कसे साधणार, अशी विचारणा केली. ज्या पक्षातून त्या आल्या होत्या, त्याच पक्षाचे तेव्हा झारखंडमध्ये सरकार होते. जमिनीच्या प्रश्नावर स्वतःच्या पक्षाचे विधेयक परत पाठवणाऱ्या व्यक्तीला मी कशाच्या आधारावर रबर स्टँप म्हटले, याचे माझ्याकडे उत्तर नाही. तो शब्द मी बनवलाही नव्हता. तो वरून फिरत आला होता आणि मी पुढे ढकलला होता.

यावर पक्षातले माझे सहकारी विचारतील की आता तुम्ही त्यांच्या बाजूला गेलात का. गेलेलो नाही. त्यांच्या उमेदवारीमागे मतांचे गणित होते, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. केंद्र सरकारच्या अनेक धोरणांना माझा विरोध आहे आणि तो मी ग्रामसभेपासून तहसीलपर्यंत बोलून दाखवतो. माझे म्हणणे एवढेच आहे की निवडणूक झाल्यावर निवडून आलेल्या व्यक्तीला आपली राष्ट्रपती मानण्यात आणि तिच्या पदाला प्रश्न विचारण्यात काही विरोध नाही. उलट पहिले केल्याशिवाय दुसऱ्याला वजन येत नाही.

त्या आठवड्यात आमच्या चौकात फलक लागला. त्यावर राष्ट्रपतींचा फोटो कोपऱ्यात आणि बाकीच्या नेत्यांचे फोटो त्याहून मोठे होते. खाली लिहिले होते की आदिवासी समाजाला हा सन्मान आम्ही दिला. सत्ताधारी पक्षाच्या मुलांनी फटाके फोडले, पेढे वाटले आणि टोल्यावर जाऊन ‘आता लक्षात ठेवा’ असे सांगून आले. आनंद लोकांचा होता आणि हे त्याची पावती मागत होते. आम्ही दुसऱ्या बाजूने त्या आनंदाकडे पक्षाचा प्रचार म्हणून पाहिले आणि तोंड फिरवले. मला आज वाटते की दोघांनीही त्या टोल्यावरच्या माणसांना विचारलेच नाही की तुम्हाला नेमके काय वाटते आहे. आजींच्या मनात कोणताही पक्ष नव्हता. त्यांना त्या बाईच्या आईबद्दल जाणून घ्यायचे होते.

आदिवासी राष्ट्रपतीचा विषय प्रत्येक पक्षाला सोयीनुसार आठवतो, याला २०१२ ची निवडणूक साक्षी आहे. पी. ए. संगमा हे मेघालयातील गारो समाजाचे, लोकसभेचे माजी अध्यक्ष. देशाला एकदा तरी आदिवासी राष्ट्रपती मिळावा, असे म्हणत ते प्रणव मुखर्जी यांच्या विरोधात उभे राहिले. तेव्हा भाजप, बिजू जनता दल आणि अण्णाद्रमुक त्यांच्या मागे होते, काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष मुखर्जी यांच्या मागे होते, आणि संगमा ज्या पक्षात होते त्या पक्षानेही त्यांना साथ न दिल्यामुळे त्यांना तो पक्ष सोडावा लागला. मुखर्जी ७,१३,७६३ विरुद्ध ३,१५,९८७ अशा मोठ्या फरकाने जिंकले, तरी संगमा निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये ती याचिका फेटाळली गेली. त्या वर्षी आमच्या टोल्यावर कोणी पेढे वाटले नाहीत आणि कोणी फलकही लावला नाही. त्यावेळी ‘आदिवासी म्हणून कोणाला निवडायचे नसते, पात्रता पाहायची असते’ असे ठासून सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

पराभव न पचण्याची ही सवय जुनी आहे. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी नीलम संजीव रेड्डी यांच्यावर दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यानंतर जेमतेम निवडून आले, त्यांच्या निवडीला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि पदावर असलेल्या राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन साक्ष दिली. तेच रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील यांच्या वेळी अमरावतीची सून म्हणून सगळा विदर्भ सुखावला होता आणि विरोधी आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना मते दिली होती. २०२२ मध्येही उद्धव ठाकरे यांनी आघाडीच्या उमेदवाराला सोडून मुर्मू यांना पाठिंबा दिला. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते, ते अशासाठीच. घटनेने खासदार-आमदारांना येथे पक्षाच्या पलीकडे पाहण्याची मोकळीक दिली आहे. ती मोकळीक आम्ही कार्यकर्ते एकमेकांना देत नाही, ही माझी खंत आहे.

विरोध नंतरही झिरपत राहतो आणि तो खाली येईपर्यंत त्याचे रूप फार वाईट होते. २०२२ च्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका गावाच्या सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगलावर गावाचा एकत्रित हक्क मिळवण्याच्या, कामासाठी चार माणसे एका कार्यालयात खेटे घालत होती. तिथल्या एका बाबूने त्यांना हसत सांगितले, “आता तर तुमचीच बाई राष्ट्रपती हाय, जा तिलेच सांगा.” तेच वाक्य मी पुढे बाजारात ऐकले, पानठेल्यावर ऐकले, आणि सूरजागडच्या लोहखाणीवर बोलणाऱ्या एका तरुणाला आमच्याच पक्षाच्या माणसाने ऐकवलेलेही पाहिले. दाखला, पट्टा, रस्ता, काहीही मागितले की हेच उत्तर. ज्या गोष्टीचा त्या समाजाला अभिमान वाटला होता, तीच त्यांच्या तोंडावर टोमणा म्हणून फेकली गेली. लोकसभेतील काँग्रेसच्या नेत्याने राष्ट्रपतींचा उल्लेख चुकीच्या शब्दाने केला तेव्हा संसद बंद पडली आणि त्यांनी लेखी माफी मागितली. आमच्याकडच्या टोमण्यांसाठी कोणीही माफी मागितलेली नाही.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा ते राष्ट्रपतींच्या हस्ते व्हावे अशी मागणी करून बहुतेक विरोधी पक्षांनी समारंभावर बहिष्कार टाकला. संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन्ही सभागृहे, असे घटनेच्या ७९ व्या अनुच्छेदात लिहिले आहे, त्यामुळे ती मागणी मला योग्यच वाटली. पण ती आमच्या ग्रुपवर आली तेव्हा दहा महिन्यांपूर्वीच्या माझ्या दोन ओळी मला आठवल्या. ज्यांना आम्ही शिक्का म्हणालो होतो, त्यांच्या सन्मानासाठी आम्ही आता भांडत होतो, आणि टोल्यावरचे लोक आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती नजर मला ओळखू येत होती.

आणि जिथे विरोधकांनी त्यांचा शब्द उचलून धरायला हवा होता, तिथे आम्ही गप्प राहिलो. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसमोर आणि कायदामंत्र्यांसमोर राष्ट्रपती तुरुंगांत खितपत पडलेल्या गरिबांबद्दल हिंदीत, मनापासून बोलल्या. आणखी तुरुंग बांधावे लागत असतील तर हा कसला विकास, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने, जामीन मिळूनही बाहेर येऊ न शकलेल्या कैद्यांची माहिती मागवली. जामिनाचे पैसे भरता येत नाहीत म्हणून आत राहिलेला माणूस आणि बाहेर राहिलेले त्याचे घर कसे असते, हे गडचिरोली जिल्ह्याला कोणी समजावून सांगायला नको. तरीही ते भाषण आमच्या ग्रुपवर कोणी टाकले नाही. राष्ट्रपतींचे कौतुक म्हणजे सरकारचे कौतुक, असा हिशेब आमच्या डोक्यात बसला होता.

५ जुलै २०२३ रोजी गोंडवाना विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभासाठी त्या गडचिरोलीला आल्या. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी चर्चा झाली ती मंडपाच्या खर्चाची आणि बंद केलेल्या रस्त्यांची. राष्ट्रपती आपल्या जिल्ह्यात येत आहेत तर अनुसूचित क्षेत्राबद्दल, म्हणजे घटनेने वेगळे संरक्षण दिलेल्या आदिवासी भागाबद्दल, एक निवेदन तयार करावे, असे आमच्यापैकी कोणी सुचवले नाही. मीही सुचवले नाही. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी, किंवा राष्ट्रपती मागतील तेव्हा, राष्ट्रपतींना द्यायचा असतो. राष्ट्रपतींना बहुतेक कामे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करावी लागतात, हे खरे. पण आमच्या गावाचा, आमच्या जंगलाचा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या अंमलबजावणीचा कागद ज्या टेबलावर पोचायचा आहे, ते टेबल त्यांचे आहे. त्या अहवालात आमच्या तालुक्याबद्दल काय लिहिले गेले, हे विचारणे म्हणजे विरोधी पक्षाचे काम होय. ते सोडून आम्ही शब्दांचे शिक्के मारत बसलो.

आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचे गाव आहे. २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत त्याची गणना होते आणि तिथे निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या संमतीने होतात. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढे ढकलून पुन्हा बसतात. त्या गावाची घोषणा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ बहुतेक लोक तिचा दुसरा अर्धा भाग आठवतात, कारण तो धाडसी आहे. मला आता पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दिल्लीत कोणीही बसलेले असो, आपण मत दिलेले असो वा नसो, मेंढ्याची माणसे त्याला ‘आमचे’ म्हणतात, आणि आमचे म्हणतात म्हणूनच आपल्या बांबूचा हक्क त्याच्याकडे मान वर करून मागतात. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ते मिळवताना त्या गावाने सत्तेवर कोण आहे हे पाहून भांडण केले नव्हते.

२०२७ च्या जुलैत सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत संपेल. नवी नावे येतील, आणि निकालाच्या रात्री कोणाच्या तरी मोबाईलवर दोन ओळी तयार असतील. त्याआधी एक काम करायचे ठरवले आहे. पाचव्या अनुसूचीखालील अहवालात आमच्या तालुक्याची काय नोंद आहे, हे विचारणारे पत्र राष्ट्रपती भवनाला पाठवायचे आहे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याचा ठराव मांडायचा आहे. मसुदा मी लिहिला, तो फलक लावणाऱ्या मुलांपैकी एकाने दुरुस्त केला. सुरुवात ‘माननीय राष्ट्रपती महोदया’ अशी आहे. टोल्यावर तो वाचून दाखवला. आजींना आता वाकवत नाही, म्हणून यंदा त्या रोवणीत पेंढ्या पुरवायचे काम करतात. त्यांनी मसुदा दोनदा वाचायला लावला आणि सामूहिक वनहक्काच्या दाव्याची तारीख राहून गेली होती, ती घालायला सांगितली.

सह्या ग्रामपंचायतीत सुरू आहेत. रोवणीमुळे दिवसा कोणाला वेळ मिळत नाही, म्हणून रविवारपर्यंत संध्याकाळी सहा ते आठ कार्यालय उघडे ठेवायला सरपंचबाई तयार झाल्या आहेत.