अळीमिळी गुपचिळी

शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या कंपनीत ‘इन्व्हेस्टर रिलेशन्स’, म्हणजे गुंतवणूकदारांशी संवाद, सांभाळते म्हटलं की लोकांना वाटतं, हिला सगळं आधीच कळतं. थोडंफार कळतं, आणि तेच नडतं. तिमाही संपली की आमची ट्रेडिंग विंडो बंद. निकालानंतर ४८ तास उलटेपर्यंत स्वतःच्याच कंपनीचा शेअर घ्यायचा नाही, विकायचा नाही. आतली बातमी बाहेर बोलायची तर सोयच नाही. बाजाराची नियामक सेबी टपलेलीच असते. पण सासरेबुवांना हे कोण सांगणार? “बोलू नकोस, नुसती मान हलव,” म्हणतात. त्या दिवसांत मी पोह्यांत मीठ कमी आहे का, या प्रश्नालाही मान हलवत नाही.

बाजार चालू असताना बोर्डाची बैठक संपली, तर अर्ध्या तासात निकाल स्टॉक एक्स्चेंजवर चढवावा लागतो. नेमकं तेव्हाच ऑडिटरच्या सहीचं पान उलटं स्कॅन झालेलं सापडतं.

मग अर्निंग्स कॉल, म्हणजे निकालांवर ॲनालिस्ट मंडळींची फोनवरची प्रश्नोत्तरं. नफा घसरलेला असला तरी पहिला ॲनालिस्ट “काँग्रॅच्युलेशन्स ऑन अ गुड सेट ऑफ नंबर्स” म्हणूनच सुरुवात करतो. ‘एकच प्रश्न’ म्हणत चार विचारतो आणि “पुन्हा रांगेत येतो” अशी धमकी देऊन जातो. सगळ्यांना हवं असतं मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा टक्का. पुढच्या वर्षाचं, तेही आत्ता. आमचे सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख साहेब, रंगात आले की मी ‘आकडा नको’ अशी चिठ्ठी सरकवते. ते ती वाचतात, घडी करून खिशात ठेवतात आणि बोलत राहतात. अडलं की म्हणतात, “हे ऑफलाइन घेऊ.” ऑफलाइन म्हणजे मी! आणि जे सगळ्यांना सांगितलं नाही ते एकट्याला सांगता येत नाही, म्हणून मी त्याला तेच प्रेझेंटेशन पुन्हा पाठवते.

भाव फारच उसळला तर एक्स्चेंज खुलासा मागतं. आमचं उत्तर ठरलेलं: ही हालचाल निव्वळ बाजारातल्या घडामोडींमुळे. एक्स्चेंजला ते चालतं.

परवा भाव पडल्यावर एका जुन्या भागधारक आजोबांचा फोन आला. त्यांनाही मी तेच उत्तर दिलं.

“बाजारामुळे पडला, हे मलाही कळतं,” आजोबा म्हणाले. “मग तुला पगार कशाचा देतो आम्ही?”