सहा तास नव्हे, दोन तास एकोणचाळीस मिनिटं

निनावी, तुमची प्रतिक्रिया आठवडाभर तशीच पडून होती, उत्तर द्यायचं मी टाळत होतो हे कबूल. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचली आणि जुनी हार्ड डिस्क शोधायला उठलो. ज्यांनी ती वाचली नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, मागच्या पोस्टमध्ये मी फोटो काढायला गेल्यावर आलेले अनुभव लिहिले होते, माझे आणि काही मोठ्या लोकांचे. त्यावर यांचं म्हणणं असं, की खंड्या पक्ष्यासाठी सहा तास पाण्यात उभं राहून शेवटी टाकला काय तर धुरकट फोटो, म्हणजे सरळ थापा. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सच्या चंद्राची गोष्ट वगैरे दंतकथा, फोटोग्राफर लोक तिखटमीठ लावण्यात पटाईत. आता तर बर्स्ट (एका दाबात फोटोंची सरबत्ती) मारायचा आणि घरी येऊन निवडायचा, त्यात अनुभव कसला. आणि शेवटी एकच ओळ, "घरट्यासमोर उभे होतात ना, त्याबद्दल एक अक्षर नाही."

त्या शेवटच्या ओळीवर येतोच, तीच लागलीये.

आधी सहा तास. हार्ड डिस्क सापडली, फोल्डर उघडला, पहिली फ्रेम ६:५२ ची, शेवटची ९:३१ ची. म्हणजे दोन तास एकोणचाळीस मिनिटं. (कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर पुढे होतं, बॅटरी बदलल्यावर लावायचा कंटाळा केला होता, पण दोन वेळांमधलं अंतर काही त्याने बदलत नाही.) गंमत म्हणजे मी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं हो, मला खरंच सहा तास आठवत होते, पाय गार पडलेले आठवत होते, बहुतेक दर वेळी सांगताना पंधरा-वीस मिनिटं वाढत गेली असणार. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीये.

धुरकट फोटोचं मात्र तुम्ही चुकताय. त्या फोटोत लांबची फांदी दिसते आणि सगळ्यावर राखाडी साय आल्यासारखं दिसतं, बरोबर? ती साय म्हणजे खंड्याची शेपटी आहे. तो माझ्या लेन्स हूडवर, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी लावलेल्या नळकांड्यावर, येऊन बसला होता. माझ्या लेन्सला तीन मीटरच्या आतलं काही दिसत नाही, त्यामुळे काचेच्या तोंडाशी काहीही आलं तर त्याचा आकार दिसत नाही, नुसता उजेड कमी होतो आणि चित्र फिकं पडतं. डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटलेला, मला वाटलं काचेवर वाफ धरली. आणि मग ठक. परत ठक, ठक. त्याच्या चोचीत मासा होता आणि तो मासा हूडवर आपटत होता, प्रत्येक आपट लेन्समधून, कॅमेऱ्यातून माझ्या भुवईच्या हाडापर्यंत येत होती. ऐकू कमी आणि जाणवत जास्त होतं. श्वास सोडायची सोय नाही, हात हलवायची तर नाहीच, बोट तेवढं शटरवर होतं ते दाबलं. सात फ्रेम आल्या, सातही तशाच. फोटो म्हणून कचरा हे मान्य, पण त्या पक्ष्याचा इतक्या जवळचा फोटो मी परत कधी काढू शकणार नाही, भले त्यात पक्षी नसला तरी.

बर्स्टचं एवढंच म्हणतो की सेकंदाला वीस फ्रेम मारल्या तरी तो सेकंद कुठला ते कॅमेरा सांगत नाही.

आता दंतकथा. अ‍ॅडम्सची गोष्ट खरंच दंतकथेसारखी वाटते, संध्याकाळी न्यू मेक्सिकोत गाडी चालवत असताना हर्नांडेझ गावावर चंद्र दिसला, स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचं ऊन, गाडी थांबवून ८ बाय १० इंचांचा अवजड कॅमेरा उभा केला आणि उजेड मोजायचा लाइट मीटरच सापडेना. चंद्राची प्रखरता २५० कँडल्स प्रति चौरस फूट असते हे त्याला पाठ होतं, त्यावरून हिशेब करून एफ ३२ ला एक सेकंद, एक निगेटिव्ह, आणि दुसरीसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं. हे त्यानेच सांगितलेलं आहे, तेव्हा "कशावरून" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण बघा, या माणसाला हा फोटो कुठल्या वर्षी काढला तेच धड आठवत नव्हतं, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वर्षं दिली त्याने. शेवटी खगोलवाल्यांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं, पहिलं गणितही चुकलं, मग दुसऱ्याने दुरुस्त करून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं अशी वेळ काढली. म्हणजे माझ्या ६:५२ चाच प्रकार, फक्त तिथे एक्झिफचं (फाइलमध्ये आपोआप नोंदल्या जाणाऱ्या वेळेचं) काम चंद्राने केलं. शिवाय मूळ निगेटिव्हमध्ये आकाश काही तितकं काळं नाहीये, ते अ‍ॅडम्सने पुढची कित्येक वर्षं डार्करूममध्ये प्रिंट करता करता काळं करत नेलं. मला ही गोष्ट त्यामुळे जास्तच आवडते, तुम्हाला कमी आवडेल.

आणि सगळे वाढवूनच सांगतात असंही नाही. अमेरिकन फोटोग्राफर जो रोझेन्थाल, २३ फेब्रुवारी १९४५, दुसरं महायुद्ध, जपानचं इवो जिमा बेट, डोंगरावर झेंडा उभारणारे अमेरिकन सैनिक, हा फोटो तुम्ही शंभर टक्के बघितलेला आहे. माणूस बुटका, म्हणून दगड आणि वाळूची पोती रचून त्यावर चढला, तेवढ्यात बाजूला झेंडा वर जायला लागला आणि त्याने व्ह्यूफाइंडरमध्ये न बघताच कॅमेरा वळवून शटर दाबलं. फिल्म धुवायला ग्वामला गेली, फोटो जगभर छापून आला, आणि ह्याने तो अजून बघितलेलाच नाही! काही दिवसांनी कुणीतरी विचारलं, पोज देऊन काढला का, ह्याला वाटलं नंतर सैनिकांना झेंड्याखाली गोळा करून काढलेल्या ग्रुप फोटोबद्दल विचारतायत, म्हणाला हो. झालं, त्या एका "हो"चं स्पष्टीकरण बिचारा आयुष्यभर देत राहिला.

आता घरटं.

मी लिहिलं होतं की हूडवरून उडाल्यावर खंड्या समोरच्या फांदीवर जाऊन बसला आणि अकरा मिनिटं "माझ्यासाठी पोज देत होता". अकरा मिनिटं बरोबर आहेत, तपासली. तुमची ओळ वाचून मी त्या फ्रेम पहिल्यांदाच नीट झूम करून बघितल्या. माशाचं डोकं चोचीच्या बाहेरच्या बाजूला आहे. खंड्या स्वतः गिळणार असेल तर डोकं आत, घशाकडे धरतो, डोकं बाहेर म्हणजे मासा दुसऱ्याला भरवायचाय. हे मला माहीत होतं, पुस्तकी माहीत होतं, आणि तरी तेव्हा मी फक्त डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका शार्प येतोय का ते बघत होतो. त्याचं बीळ, म्हणजेच घरटं, माझ्या मागच्या दरडीत, मी बरोबर मध्ये. तो अकरा मिनिटं पोज देत नव्हता, मी बाजूला व्हायची वाट बघत होता. शेवटच्या चार फ्रेममध्ये तो मासा उलटा फिरवतो आणि स्वतःच गिळून टाकतो. पोस्टमध्ये मी त्याला "नाश्ता उरकला" असं लिहिलं होतं, ते वाक्य आता वाचवत नाही.

यावरून अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग आठवली. १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळ तिने एका गरीब मजूर आईचा आणि तिच्या मुलांचा तो प्रसिद्ध फोटो काढला, पुढे वीसेक मैल गेलेली असताना गाडी वळवून परत आली होती. नाव विचारलं नाही. नंतर लिहिताना लिहिलं की त्यांनी खायला घ्यायला गाडीचे टायर विकले होते. १९७८ मध्ये त्या बाई, फ्लॉरेन्स थॉम्पसन, लोकांसमोर आल्या, म्हणाल्या तिने तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. आणि घरच्यांनी सांगितलं, टायर विकले कुठले, त्याच टायरवर तर आम्ही तिथून निघालो. फोटो थोर आहे, त्यात वाद नाही. पण कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला निदान बेचाळीस वर्षांनी तरी बोलता आलं. खंड्याच्या वतीने तुम्ही बोललात.

तर पोस्टमध्ये तीन बदल केलेत. सहा तास खोडलेत (पुसले नाहीत, खोडलेत, दिसू देत). "पोज" वालं वाक्य काढून त्या जागी माशाच्या डोक्याची फ्रेम क्रॉप करून टाकलीये, खाली काय झालं ते लिहून. आणि जागेचं वर्णन उडवलंय, कारण दोघांनी मेसेज करून ती दरड कुठे आहे विचारलं होतं आणि एकाला मी सांगूनही बसलोय, त्याला कालच फोन केला.

धुरकट फोटो मात्र राहणार, तो काढत नाही. आणि तुम्ही पंधरा वर्षं कॅमेरा घेऊन फिरताय असं लिहिलंयत, तर एखादा किस्सा तुमचाही येऊ द्या की, फक्त पाठवायच्या आधी फायलींच्या वेळा एकदा बघून घ्या.